आदळआपट करणाऱ्या मुलाकडे दुर्लक्ष करावं का?

रानफूल
घरात आजारपण, नोकरी जाणं, घर बदलणं असलं काही चालू असलं की तीन ते सात वर्षांची मुलं बिथरतात. भोकाड, फेकाफेक, सुटलेला अंगठा परत तोंडात. माझं मत: किरकिरीला लक्ष द्यायचंच नाही. ओरडणं हेही लक्षच, त्यानेही ते वागणं पक्कं होतं. तोंड फिरवायचं, चकार शब्द नाही. आवाज खाली आला की लगेच वळून नेमकं सांगायचं, "आता हळू आवाजात मागितलंस, ऐकतेय." 'शहाणं बाळ' नको, त्यातून काय बरोबर केलं ते कळत नाही.
बहुतेकांचं फसतं कुठे? दुर्लक्ष सुरू केलं की किरकिर आधी वाढते. तिसऱ्या दिवशी वैतागून हवं ते हातात दिलं, की मूल शिकतं: जास्त रडलं की मिळतं. तेवढा दम नसेल तर सुरूच करू नका.

पाणकावळा
साफ अमान्य. मोबाइलसाठीच्या हट्टाला हे चालेल. घरातला ताण बघून भेदरलेल्या मुलाकडे पाठ केलीत तर त्याची भीती खरी ठरते. खाली बसा, त्याच्या उंचीला या, एकच वाक्य बोला: "तुला भीती वाटतेय. मी इथेच आहे." मग गप्प. रडण्याच्या भरात समजावणं डोक्यात शिरत नाही. आणि गादी ओली झाली तर रागवू नका, तसंच कोरड्या रात्रीसाठी बक्षीस म्हणून स्टिकरही नको. झोपेतलं त्याच्या हातात नसतं.

रानफूल
भीतीकडे दुर्लक्ष करा असं मी कुठे म्हटलं? मारणं, चावणं यालाही ते लागू नाही. तिथे हात धरून ताबडतोब थांबवायचं. बाकी हट्टी मूल रडताना मधूनच आपल्याकडे बघतं, त्यावरून ओळखता येतं.

पाणकावळा
भेदरलेलं मूलही आपल्याकडेच बघणार ना! या खुणेत काही दम नाही. त्यापेक्षा आधी काय घडलं ते बघा. 'नाही' म्हटल्यावर सुरू झालं, की कोणी घराबाहेर निघाल्यावर?

तिरपा पाऊस
हे बरोबर. चार दिवस वेळ, आधी काय झालं, नंतर काय मिळालं, एवढं लिहून काढा. रडणं रोज संध्याकाळी ठरल्या वेळेला येत असेल तर आधी झोप मोजा: तीन ते पाच वर्षांना दिवसाची झोप धरून १० ते १३ तास, सहानंतर ९ ते १२.
रानफूल, तुमच्या पद्धतीत एक गोष्ट राहिली. एरवी लक्ष मिळत असेल तरच दुर्लक्षाला अर्थ. रोज १० मिनिटं खेळ, तोही मूल सांगेल तसा. प्रश्न नाहीत, शिकवणं नाही, फोन दुसऱ्या खोलीत. दिवस कितीही वाईट गेला तरी शिक्षा म्हणून ती १० मिनिटं कापायची नाहीत. (हेच सगळ्यात आधी कापलं जातं.)

रानफूल
१० मिनिटं मान्य. पण आईने पाठ फिरवली आणि आजीने उचलून घेतलं, तर कुठलीच पद्धत चालत नाही. त्याचं काय?

पाणकावळा
मग तिथे आजीचंच बरोबर असेल, हीही शक्यता धरा.