मदत हवी आहे: विडी कामगारांच्या ऑनलाइन सर्वेक्षणात उत्तरं कोणत्या प्रकारात घ्यावीत?

सोलापुरातल्या विडी कामगार महिलांसाठी गूगल फॉर्म करतेय. २२ प्रश्न आहेत, सगळ्या मोबाइलवरच भरणार. ‘रोज किती विड्या वळता?’ याला चाचणीत ‘पाचशे’, ‘५००-६००’, ‘हजाराच्या आत’ अशी उत्तरं आली. पर्याय द्यावेत का? काय काय दुखतं, याला ग्रिड (ओळी-रकान्यांचा तक्ता) ठेवू की चेकबॉक्स? आणि तेलुगू बोलणाऱ्या घरांचं काय करावं?

प्रतिसाद १
आकडाच घ्या. आकड्यांचे गट नंतर पाडता येतात, गटांतून आकडा परत मिळत नाही. ‘शॉर्ट आन्सर’ ठेवा, तीन टिंबांतून रिस्पॉन्स व्हॅलिडेशन (उत्तराची तपासणी) उघडा, ‘नंबर’ आणि ‘बिटवीन’ निवडून किमान-कमाल मर्यादा घाला. चुकीच्या उत्तराला दिसणारा संदेश मराठीत लिहा: ‘फक्त आकडा लिहा, उदा. 600’. तो रिकामा सोडलात तर इंग्रजी सूचना दिसू शकते आणि बाई तिथेच फॉर्म बंद करते.

खरी अडचण मात्र ‘रोज’ या शब्दात आहे. विडीचं पान कमी मिळालं की वळणं कमी होतं, मग ‘५००-६००’ हेच प्रामाणिक उत्तर ठरतं. ‘मागच्या कामाच्या दिवशी किती वळल्या?’ असं विचारा.

मिळकतीला मात्र पर्याय बरे, नेमकी रक्कम सांगायला लोक कचरतात. ‘५०००-१००००’ आणि ‘१००००-१५०००’ असे गट नकोत. १०००० वाली दोन्हीकडे बसते.

प्रतिसाद २
ग्रिड नको. मोबाइलवर उजवीकडचे रकाने पडद्याबाहेर जातात आणि डावीकडच्याच खुणा वाढतात. आधी ‘काही दुखतं का?’ होय/नाही विचारा, ‘होय’वरून पुढच्या सेक्शनला न्या, तिथे चेकबॉक्स द्या. नाहीतर ‘काहीच नाही’ आणि ‘पाठ’ दोन्हींवर टिक येते. अशी उडी मल्टिपल चॉइस आणि ड्रॉपडाउनमध्येच मिळते, चेकबॉक्सला नाही.

पर्यायाच्या मजकुरात स्वल्पविराम अजिबात नको. उत्तरांच्या गूगल शीटमध्ये टिक केलेले सगळे पर्याय एकाच खान्यात स्वल्पविरामाने जोडून येतात. ‘मान, खांदा’ हा एक पर्याय असेल तर वेगळं करताना त्याचे दोन होतात.

प्रतिसाद ३
भाषेसाठी वेगळे सेक्शन केलेत तर प्रत्येक प्रश्नाचे दोन रकाने होतील आणि ते जोडण्यात वेळ जाईल. त्यापेक्षा एकाच प्रश्नात मराठीखाली तेलुगू ओळ लिहा. पर्यायही द्विभाषिक ठेवा, ‘होय’पुढे तिरकी रेघ मारून तेलुगू शब्द. उत्तरं एकाच रकान्यात येतील. पर्याय लांबतात म्हणून शब्द मोजकेच ठेवा.

धागाकर्ती
राहण्याचा भाग ड्रॉपडाउनमध्ये देऊ का? १८ नावं आहेत.

प्रतिसाद १
हो, एवढ्या नावांना ड्रॉपडाउनच. पण त्यात ‘अदर’ची सोय नसते. शेवटी ‘यादीत नाही’ घाला आणि त्यावरून भागाचं नाव लिहायच्या सेक्शनला न्या.