इरेक्टाइल डिसफंक्शनला मराठीत काय म्हणायचं, आणि डॉक्टरसमोर तोंडाने काय म्हणायचं?

डायबेटिसच्या पेशंटसाठी एका छोट्या माहितीपत्रकाचं मराठी करतोय. डोळे, किडनी, पायाच्या जखमा इथपर्यंत सगळं सुरळीत झालं आणि इरेक्टाइल डिसफंक्शनच्या, म्हणजे लिंग पुरेसं ताठ न होण्याच्या किंवा न राहण्याच्या, परिच्छेदापाशी अडलो. शब्दकोशात नपुंसकता, नपुंसकत्व, षंढत्व, क्लैब्य, ध्वजभंग असे शब्द मिळतात, हल्ली स्तंभनदोष पण दिसतो, तो बहुतेक हिंदीकडून आलाय. यातला एकही त्या कागदावर छापावासा वाटत नाही.

नपुंसक हा शब्द आपल्याला शाळेत व्याकरणात भेटतो, ते मूल, ते झाड, नपुंसकलिंग. पुरुष पण नाही आणि स्त्री पण नाही. आता पंचावन्न वर्षांचा माणूस, दोन मुलांचा बाप, बरीच वर्षं शुगर वाढलेली, त्यामुळे रक्तवाहिन्या आणि नसा खराब झाल्यात म्हणून लिंगात पुरेसं रक्त भरत नाही किंवा टिकत नाही, एवढंच झालंय, आणि त्याला आपण छापील अक्षरात सांगणार की तू पुरुषच नाहीस?

शिवाय वाक्य कसं होतं बघा. मराठीत आजार 'मला' होतो. मला बीपी आहे, मला शुगर आहे, मला दम लागतो. पण नपुंसक 'मी' असतो. 'मी नपुंसक आहे' हे वाक्य कुठला माणूस केसपेपर काढून, रांगेत बसून, डॉक्टरसमोर म्हणेल? मला वाटतं निम्मं गप्प बसणं इथूनच सुरू होतं.

षंढ तर सरळ शिवी आहे. क्लैब्य म्हटलं की गीतेतलं 'क्लैब्यं मा स्म गमः पार्थ' आठवतं, तिथे अर्थ कच खाणं, म्हणजे पुन्हा धैर्याशीच जोडलेला. ध्वजभंग आयुर्वेदातला जुना शब्द पण आज कोणाला कळणार. आणि स्तंभन म्हणजे मुळात थांबवणं, रोखणं, वीर्यस्तंभन म्हणजे पतन लांबवणं, त्यामुळे स्तंभनदोष वाचून काही जणांना ते शीघ्रपतन वाटतं, जी पूर्ण वेगळी गोष्ट आहे. तर प्रश्न असा की लोक प्रत्यक्षात काय म्हणतात?

प्रतिसाद :

तालुक्याच्या गावात जनरल प्रॅक्टिस करतो त्यामुळे रोजचं ऐकलेलं सांगतो. बहुतेक जण काहीच म्हणत नाहीत. 'अशक्तपणा आलाय', 'कंबर धरते', 'ताकदीचं इंजेक्शन द्या' असं सांगतात, बीपी बघून होतं, गोळ्या लिहून होतात, माणूस उठतो, चप्पल घालतो, दाराला हात लावतो आणि मग मागे वळून 'डॉक्टर, अजून एक विचारायचं होतं' म्हणतो. ते अजून एक म्हणजेच तो ज्यासाठी आलेला असतो ते. मग 'जमत नाही', 'उभं राहत नाही', 'पहिल्यासारखं राहिलं नाही'. चाळिशीच्या आतले 'परफॉर्मन्सचा प्रॉब्लेम' म्हणतात.

मी हल्ली वाट बघत नाही, शुगरच्या प्रत्येक पुरुष पेशंटला स्वतःच विचारतो, 'शुगर असली की कधीकधी लिंगाला ताठरपणा कमी येतो, तुम्हाला तसं काही जाणवतं का?' एवढ्या एका वाक्याने काम होतं कारण त्यात दोष शुगरचा आहे. डायबेटिस असलेल्यांत हा त्रास इतरांपेक्षा साधारण तिपटीने दिसतो त्यामुळे विचारणं हे माझं कामच आहे.

तुमच्या माहितीपत्रकात एक घालाच. लिंगाच्या रोहिण्या हृदयाच्या रोहिण्यांपेक्षा बारीक असतात, एक-दोन मिलिमीटरच्या, त्यामुळे चरबी साठायला लागली की तिथे आधी कळतं, छातीत दुखायला लागायच्या काही वर्षं आधीसुद्धा. म्हणून असा पेशंट आला की मी एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर), कोलेस्टेरॉल, बीपी बघतो, लागलं तर सकाळचं टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन), आणि तंबाखू-सिगरेटचं विचारतो. पहाटे जाग येते तेव्हा ताठ असतं का हेही विचारतो, असेल तर यंत्रणा बऱ्यापैकी शाबूत आहे आणि मग टेन्शन, झोप, घरातली भांडणं याकडे बघावं लागतं. बीपीच्या किंवा डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी पण होतं, पण म्हणून स्वतःच्या मनाने गोळी बंद करायची नाही, डॉक्टरला सांगून बदलून घ्यायची. आणि दमणूक असताना, दारू प्यायल्यावर एखाद्या वेळी जमलं नाही तर तो आजार नव्हे, हेही लिहा, तरुण मुलं एवढ्याशाने पार खचून जातात.

प्रतिसाद :

बायकोच्या बाजूने लिहिते. आमच्याकडे बराच काळ ह्यांनी मला कारणच सांगितलं नाही. उशिरापर्यंत टीव्ही बघत बसायचे, मग येऊन भिंतीकडे तोंड करून झोपायचे, मी हात लावला तरी अंग चोरायचे. मला वाटायचं माझंच काहीतरी चुकतंय, नाहीतर बाहेर कोणीतरी आहे. दोघांपैकी कोणालाही त्या गोष्टीसाठी शब्द नव्हता, म्हणून घरात भांडण व्हायचं ते दूध नासलं आणि पंखा चालू राहिला यावरून.

दरम्यान हे गुपचूप रस्त्याकडेच्या एका तंबूत जडीबुटीवाल्याकडे जाऊन आले होते. त्याने 'तारुण्यात केलेल्या चुका' वगैरे ऐकवून घाबरवलं, भरपूर पैसे घेतले आणि काळ्या गोळ्या दिल्या. पुड्या कपाटात सापडल्या तेव्हा मला कळलं. मी तेव्हा एवढंच म्हटलं की 'आपल्याला डॉक्टरकडे जायला हवं.' तुम्हाला नाही, आपल्याला. तुमचं 'मी' आणि 'मला' वाचलं म्हणून सांगते, मराठीत 'आपण' आहे त्याचा इथे फार उपयोग होतो. डॉक्टरांनी दोघांना बसवून सगळं समजावलं, शुगर तीनशेच्या वर निघाली, मूळ तिथे होतं. कृपया माहितीपत्रकात बायकोसाठी पण दोन ओळी असू द्या.

प्रतिसाद :

वरच्या ताईंच्या अनुभवाला जोडून. रेल्वे रुळाकडेच्या भिंतीवर 'मर्दानी कमजोरी', 'गुप्तरोग', 'हमखास इलाज' हे जे रंगवलेलं असतं, तशा जाहिरातींना 1954 च्या औषधे आणि जादूचे उपाय कायद्याने मनाई आहे, तरी त्या राजरोस चालतात. तथाकथित हर्बल पुड्यांमध्ये सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) गुपचूप मिसळलेलं परदेशात तपासणीत अनेकदा सापडलंय.

मी मेडिकलच्या काउंटरवर असतो. तिथे शब्द वापरतच नाहीत लोक. दुकान रिकामं व्हायची वाट बघतात, मग मोबाइलवरचा फोटो पुढे करतात, नाहीतर 'ती निळी गोळी'. फोटो मित्राने पाठवलेला, चिठ्ठी नाही, आणि त्याच माणसाच्या नावावर महिन्याची सॉर्बिट्रेट, म्हणजे छातीत दुखण्यावरची गोळी, जाते हे मला माहीत असतं. सॉर्बिट्रेट किंवा दुसरी कुठली नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने सिल्डेनाफिल घेतलं तर बीपी एकदम खाली येऊन जीव जाऊ शकतो. मी देत नाही, बाजूला बोलावून सांगतो, तेव्हा माणूस आधी रागावतो. सिल्डेनाफिल मुळात छातीत दुखण्यावरच तपासत होते फायझरवाले, चाचण्यांत हा परिणाम लक्षात आला आणि 1998 मध्ये अमेरिकेत व्हायग्रा म्हणून मान्यता मिळाली. आणि ही गोळी इच्छा निर्माण करत नाही, इच्छा झाल्यावर रक्त भरायला मदत करते फक्त, घेऊन बसलं की आपोआप होईल असं समजून लोक निराश होतात.

प्रतिसाद :

शब्दांचंच बोलायचं तर इंग्रजीवालेही आधी इम्पोटन्स म्हणायचे, म्हणजे सरळ दुबळेपणा. 1992 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेत तज्ज्ञांनी शिफारस केली की तो शब्द सोडा आणि इरेक्टाइल डिसफंक्शन म्हणा. म्हणजे शब्द ठरवून बदलता येतो.

आपल्याकडे र. धों. कर्व्यांनी 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना छापील मराठीत उघड उत्तरं दिली, त्या प्रश्नोत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला आणि 1934 मध्ये कोर्टात त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले. इतकी जुनी परंपरा असलेल्या भाषेत आज साधं वाक्य सापडू नये हे मला फार लागतं.

एक सावधानता, कायद्याच्या कागदात नपुंसकत्व राहील, हिंदू विवाह कायद्याच्या कलम 12 मध्ये विवाह रद्द ठरवण्याचं ते एक कारण आहे, तिथे त्याला ठरावीक अर्थ आहे. आणि वंध्यत्वाशी गल्लत नको. ताठरपणाची अडचण असलेल्याचं वीर्य उत्तम असू शकतं, आणि मूल न होणाऱ्या पुरुषाला संबंधात काहीच अडचण नसू शकते. गावात दोन्हींना एकच शब्द वापरतात आणि त्यात कितीतरी संसारांचं वाटोळं होतं.

मूळ प्रश्नकर्ता :

सगळ्यांचे मनापासून आभार. 'ताठरता' घ्यावी का असा विचार होता पण ताठर म्हटलं की ताठर भूमिका, ताठर स्वभाव डोक्यात येतो, त्यापेक्षा डॉक्टरांच्या वाक्यातला 'ताठरपणा' बरा. आणि त्याला 'तक्रार' जोडतो, पोटाची तक्रार, गुडघ्याची तक्रार तशी ही. मथळा 'लिंगाच्या ताठरपणाची तक्रार'. खाली एकदाच इरेक्टाइल डिसफंक्शन देवनागरीत देतो, म्हणजे रिपोर्टवर दिसलं तर ओळखता येईल. मजकूर सध्या असा:

'शुगरमुळे नसा आणि रक्तवाहिन्यांवर परिणाम होऊन लिंगाला पुरेसा ताठरपणा येत नाही किंवा टिकत नाही. ही तक्रार पुष्कळ जणांना असते आणि तिच्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना एवढंच म्हणा: मला ताठरपणाची तक्रार आहे. बोलायला अवघड वाटलं तर ही ओळ बोटाने दाखवा. शक्य असेल तर दोघं मिळून या. छातीत दुखण्यासाठी सॉर्बिट्रेट किंवा तशी गोळी चालू असेल तर ते आधी सांगा.'

सॉर्बिट्रेटची ओळ ठळक अक्षरात घेतोय. विदर्भ, कोकण, गोव्याकडच्या कोणाला 'ताठरपणा' खटकत असेल तर छपाईला जायच्या आत कळवा, आणि बायकोसाठीच्या दोन ओळी ताईंनीच लिहून दिल्या तर फार बरं होईल.