स्फोटाच्या चाचणीत काचतंतूचं पॅनेल कडेलाच का फाटतं?

शॉकट्यूब (प्रश्नकर्ता): १० मिमी जाड ई-ग्लास (नेहमीचा काचतंतू) आणि पॉलिएस्टर राळेचं पॅनेल, पोलादी चौकटीवर १२ मिमीचे बोल्ट, भोकाचं केंद्र कडेपासून २० मिमी. चाचणीत मधला भाग तगला, एक बाजू मात्र भोकांतून निसटली. जाडी वाढवू की कार्बन घेऊ?

राळकरी: दोन्ही नको, आधी कड सुधारा. दाब काही मिलिसेकंदच टिकतो. पण तेवढ्यात पॅनेल स्वतःच्या जाडीहून जास्त फुगलं की फळीसारखं वाकायचं सोडून झोळीसारखं ताणलं जातं आणि सगळी ओढ बोल्टांवर येते. पॅनेल पोलादी असतं तर भोकाभोवती नमून भार शेजारच्या बोल्टाला दिला असता. काचतंतू तसा नमत नाही, फार तर भोकापुढे हळूहळू चिरडतो, आणि तुमच्या २० मिमी कडेत तेवढीही जागा नाही. एक भोक गेलं की शिवण उसवावी तशी रांग जाते.

कडेचं अंतर बोल्टच्या व्यासाच्या किमान तिप्पट, म्हणजे ३६ मिमी. ५० मिळालं तर उत्तम. दोन बोल्टांत ४-५ पट. कडेच्या पट्ट्यात ±४५ अंशांचे, म्हणजे कडेला तिरपे, थर घाला. सगळे तंतू कडेला काटकोनात असले तर भोकापुढचा तुकडा खिट्टीसारखा सरळ बाहेर सरकतो. वॉशर मोठे लावा. चौकटीच्या आतल्या धारेला गोलाई द्या, नाहीतर तीच सुरीचं काम करते.

सुरुंगशोधी: कार्बनने पॅनेल ताठ होईल, पण ई-ग्लासचा तंतू तुटण्याआधी साधारण साडेचार टक्के ताणला जातो, नेहमीचा कार्बन दीड-दोनच. इथे ताणलं जाणंच हवं आहे. जोडाचं दुखणं जहाजवाल्यांना जुनंच. ब्रिटनच्या हंट वर्गाच्या काचतंतूच्या सुरुंगशोधक नौकांत फ्रेम (कवचाच्या आतल्या फासळ्या) नुसत्या चिकटवल्या नाहीत, बोल्टही मारले. इटलीच्या लेरिची वर्गात तर फ्रेमच टाळून जाड सलग कवच केलं. उखडायला काही उरलंच नाही.

शॉकट्यूब: पॅनेलच्या मधल्या भागात थर एकमेकांपासून सुटलेत. त्यात ऊर्जा जिरते ना, मग चालेल?

राळकरी: जिरते, पण फुकट नाही. लॅमिनेट (राळेने चिकटवलेले थर) जाडीच्या मधोमध पूर्ण सुटलं तर दोन्ही अर्धी वेगवेगळी वाकतात, वाकण्याला होणारा विरोध चौथाईवर येतो. एकाच धक्क्यापुरतं पॅनेल असेल तर ठीक. पुन्हा वापरायचं असेल तर पॉलिएस्टरऐवजी व्हिनाइल एस्टर घ्या, ती राळ कमी ठिसूळ.

तपासायला मागून दिवा धरा, सुटलेली जागा गडद दिसते. रंग दिला असेल तर नाण्याने ठोका: टणटण म्हणजे बरं, बद्द वाजलं तिथे खूण. तगलेल्या बाजूंचे बोल्टही काढून भोकांच्या कडा बघा. वॉशरखाली चिरडलेली राळ बाहेरून दिसत नाही.