अनुभव धागा : ‘डिसिजन टू लीव्ह’मध्ये प्रेम तुम्हांला कुठे दिसले?

पार्क चान-वूक यांना या कोरियन चित्रपटासाठी 2022च्या कान महोत्सवात दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला, हे बहुतेकांना ठाऊक आहे. त्याची उजळणी येथे नको. बुसानमधला निद्रानाशाने त्रासलेला पोलीस अधिकारी हे-जुन, डोंगरकड्यावरून पडून मेलेल्या एका माणसाच्या चिनी पत्नीवर, सो-रेवर, पाळत ठेवता ठेवता तिच्यात गुंततो. पण प्रेमाचा शब्द काही त्याच्या तोंडून निघत नाही. मग ते प्रेम तुम्हांला नेमके कोणत्या क्षणी जाणवले, की जाणवलेच नाही, एवढेच लिहावे. रहस्य उघड होणारच, तेव्हा चित्रपट न पाहिलेल्यांनी येथूनच परतावे.

भाषांतरकार, नाशिक

माझे लक्ष व्यवसायामुळे आधी शब्दांकडे गेले. सो-रे कोरियन भाषा ऐतिहासिक मालिका पाहून शिकली आहे, त्यामुळे तिच्या बोलण्याला किंचित ग्रांथिक वळण आहे. नवरा डोंगरावरून परतला नाही की तो ‘अखेरीस’ मेला की काय अशी काळजी वाटे, असे ती सांगते, आणि तो एक ‘अखेरीस’ ऐकणाऱ्याच्या कानाला खटकतो. पुढे ती मांजराशी चिनीत बोलत असताना हे-जुन ते बोलणे टिपतो आणि फोनमधल्या भाषांतराच्या अ‍ॅपला ऐकवतो. अ‍ॅप सांगते की तिला त्या दयाळू पोलिसाचे हृदय आणून हवे आहे. अ‍ॅपने निवडलेला शब्द ‘शिमजांग’, म्हणजे छातीत धडधडणारा अवयव. तिला अभिप्रेत होते ते ‘माउम’, म्हणजे भावना जेथे वसतात ते. इंग्रजीतल्या ‘हार्ट’मध्ये दोन्ही अर्थ मावत असल्यामुळे तेथे हा फरक दिसेनासा होतो. मी मनातल्या मनात मराठी करू लागले तेव्हा आधी ‘काळीज’ सुचले, पण ते फसवे आहे, कारण आपण काळजाने भावतोही आणि बकऱ्याचे काळीज बाजारातून आणतोही. ‘मन’ म्हटल्यावर गाठ सुटली. खुनाच्या तपासात टिपलेल्या ध्वनिफितीत हा शब्द चुकून निसटतो, तो माझा क्षण.

निवृत्त पोलीस अधिकारी, नागपूर

मला हे-जुनचा रागच आला. संशयित बाईला चौकशीच्या खोलीत उत्तम सुशी मागवून देतो, आणि जेवण झाल्यावर दोघे मिळून टेबल अशा सरावाने आवरतात की वर्षानुवर्षांचा संसार वाटावा. पुढे सो-रे जिची देखभाल करते त्या वृद्धेच्या फोनमध्ये, खुनाच्या दिवशी 138 मजले चढल्याची नोंद सापडते, म्हणजे तो फोन घेऊन सो-रेच डोंगर चढली होती. इतका नेमका पुरावा हाती आला असताना हा गृहस्थ आपण पुरते कोसळलो असे तिला सांगतो आणि तो फोन समुद्रात खोल, कुणाला सापडणार नाही असा फेकून दे, असे बजावून निघून जातो! आमच्या काळच्या भारतीय दंड संहितेत पुरावा नाहीसा करण्यासाठी कलम 201 होते. दुसऱ्यांदा पाहताना मात्र लक्षात आले की त्याचे हेच बोलणे ती जपून ठेवते, पुन्हा पुन्हा ऐकते, आणि तिच्या लेखी प्रेमाची कबुली ती हीच. अधिकारी म्हणून मी त्याला अजूनही क्षमा केलेली नाही.

गृहिणी, कोल्हापूर

मला प्रेम दिसले नाही. अणुवीज केंद्रात काम करणारी आणि नवऱ्याची आठवडाभर वाट पाहणारी हे-जुनची पत्नीच मला शेवटपर्यंत दिसत राहिली. शिवाय इपो या धुक्याच्या गावातला उत्तरार्ध फार लांबला आहे.

बँक कर्मचारी, ठाणे

माझ्या आईच्या शेवटच्या दोन वर्षांत एक ताई तिची शुश्रूषा करायला येत. त्या आमच्या घरातले सारे जाणत होत्या आणि आम्हांला त्यांच्या गावाचे नावही धड ठाऊक नव्हते. सो-रे वृद्धांची सेवा करून पोट भरते आणि तिच्याकडे असे निरखून पाहणारा पहिला माणूस म्हणजे तिच्यावर संशय असलेला पोलीस, हे ध्यानात आले तेव्हा मी चित्रपट थांबवून थोडा वेळ बसून राहिलो.

शिक्षक, रत्नागिरी जिल्हा

मी फक्त शेवटाबद्दल लिहितो. हे-जुन उलगडा न झालेल्या प्रकरणांची छायाचित्रे भिंतीवर लावून ठेवणारा माणूस आहे. सो-रेला त्याच्या आयुष्यात तसेच एक प्रकरण होऊन राहायचे आहे. म्हणून ती किनाऱ्यावर बादलीने खड्डा खणते, त्यात उतरते आणि भरतीची वाट पाहते. लहानपणी सुकतीच्या वेळी आम्हीही पुळणीत असे खड्डे खणत असू. पाणी चढू लागले की आधी कडा ढासळतात, मग तळ भरतो, आणि काही लाटांनंतर आपण कुठे खणले होते ते खणणाऱ्यालाही दाखवता येत नाही. हे ज्याने पाहिले आहे त्याला हे-जुन लाटांमध्ये वाकून बुटाची नाडी बांधतो तो क्षण सहन होत नाही. तो तिला हाका मारत पुढे जातो आणि पायांखाली बघत नाही.