क्यूईमूत स्वतःचा कर्नल, पण स्क्रीन काळीच

इंदूरकर_पोहे: मंडळी, छोटासा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) लिहिलाय, थोडं असेंब्ली बाकी सी भाषेत. क्यूईमू (सॉफ्टवेअरमधला नकली पीसी) आधी कर्नलची ६४-बिट इमेज, म्हणजे तयार फाइल, घेईना म्हणून ३२-बिट केली, एरर गेली, आता बायोसची (पीसी सुरू होताना येणारी) अक्षरं पुसली जातात पण माझं एकही दिसत नाही. इंदूरच्या सराफ्यातली रात्री खायला येणारी गर्दी पांगली तरी मी इथेच बसलोय, प्लीज बघा ना.

बडोदेकर: स्टॅक (फंक्शनना लागणारी तात्पुरती मेमरी) दिलास का? मल्टिबूट, म्हणजे कर्नल लोड करायची ठरलेली पद्धत, तो देत नाही, आपणच द्यायचा. १६ केबी राखून ठेव आणि सीचं फंक्शन बोलवायच्या आधी ईएसपीत (स्टॅकचा पत्ता ठेवणाऱ्या रजिस्टरमध्ये) त्याचं वरचं टोक टाक, कारण स्टॅक खाली वाढतो.

जुना_असेंबलरवाला: पुसलं जातंय म्हणजे सी चालतंय रे. रंग बघ. बी८००० हेक्स या पत्त्यावर स्क्रीनची मेमरी असते, तिथे प्रत्येक अक्षराचे २ बाइट, पहिला अक्षराचा, दुसरा रंगाचा. रंग ० राहिला तर काळ्यावर काळंच, म्हणून ०७ टाक. आणि शेवटी हॉल्टचा (प्रोसेसर थांबवणाऱ्या सूचनेचा) लूप हवाच, नाहीतर प्रोसेसर पुढचा कचरा चालवत सुटतो.

इंदूरकर_पोहे: रंगच होता दादा!! पुसताना सगळीकडे ० भरत होतो आणि नंतर नुसतं अक्षर लिहीत होतो. आता डाव्या कोपऱ्यात राखाडी 'ए' दिसतोय, किती वेळ नुसता बघत बसलो. स्टॅकही नव्हता, तोही टाकला.