एडमंटन: हिवाळ्यात आई-बाबांच्या रोजच्या चालण्याचं काय करता? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही एडमंटनच्या मिलवुड्स भागात राहतो. आई-बाबा साताऱ्याहून सुपर व्हिसावर (कॅनडात आई-वडिलांना लांब मुक्कामासाठी मिळतो तो) आलेत आणि मार्चअखेरपर्यंत इथेच आहेत. बाबा ७१ वर्षांचे. गुडघे थोडे कुरकुरतात, पण तिकडे रोज पहाटे अजिंक्यताऱ्याच्या चढावर जाऊन येणारा माणूस. थंडीबद्दल त्यांची काहीच तक्रार नाही. उणे पंधरातही थर्मल, कानटोपी, हातमोजे चढवून दारात उभे असतात. अडचण आहे ती पायाखालच्या बर्फाची.

ताज्या भुसभुशीत बर्फातून नीट चालता येतं. धोका असतो तो वितळून पुन्हा गोठलेल्या थराचा. आमच्या गल्लीत एका घराच्या पन्हळीचा पाइप थेट फुटपाथकडे तोंड करून सोडलाय. दुपारी ऊन पडलं की छपरावरचा बर्फ वितळतो, पाणी त्या पाइपातून फुटपाथवर पसरतं आणि अंधार पडेपर्यंत त्याची गुळगुळीत लादी होते. वर बोटभर नवा बर्फ भुरभुरला की खालची लादी दिसतसुद्धा नाही. बाबा तिथेच घसरले. कुंपण हाताशी होतं म्हणून मनगट सुजण्यावर निभावलं. त्या दिवसापासून आई त्यांना एकटं सोडत नाही, आणि आम्ही दोघं कामावर असल्यामुळे सोबत जायला कुणी नसतं. डिसेंबरअखेरीच्या सुमारास सूर्य पावणेनऊनंतर उगवतो आणि सव्वाचार-साडेचारला मावळतो, म्हणजे आम्ही घरी असतो तेव्हा बाहेर अंधारच.

सुपर व्हिसासाठी किमान १ लाख डॉलरचा आरोग्यविमा घ्यावा लागतो, तो आहेच. पाहुण्यांना अल्बर्टा प्रांताचा सरकारी विमा लागू नसल्यामुळे सगळी भिस्त त्याच्यावर. पैशाचं एक वेळ बघता येईल हो, पण या वयात खुब्याचं हाड मोडलं तर माणूस महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळतो. मला त्याची खरी भीती वाटते.

दुसरा त्रास कोपऱ्यावरचा. स्नोप्लाऊ मोठ्या रस्त्यावरून गेला की बाजूला गुडघाभर उंचीचा वरंबा टाकून जातो, नेमका पादचाऱ्यांनी रस्ता ओलांडायच्या जागी. दोन दिवसांत तो दगडासारखा घट्ट होतो. घरासमोरचा फुटपाथ साफ करणं घरवाल्याचं काम, बसथांबा महापालिकेचा, आणि या दोन्हींच्या मधल्या कोपऱ्याला वालीच नाही अशी अवस्था. म्हातारी माणसं, बाबागाडी ढकलणाऱ्या आया, व्हीलचेअरवाले, सगळे वळसा घालून गाड्यांच्या रस्त्यावर उतरतात. गाड्यांसाठी रस्ता मोकळा झाला म्हणजे बर्फ काढून झाला, ही समजूतच चुकीची आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

आतापर्यंत काय केलं ते सांगते, म्हणजे तेच उपाय पुन्हा सुचवले जाणार नाहीत. कम्युनिटी लीगजवळच्या (वस्तीतल्या रहिवासी संघाजवळच्या) पेटीतून फुकट मिळणारी वाळू बादलीने आणून आमच्या आणि शेजारच्या घरापुढे टाकतो. पारा फार उतरला की साधं मीठ जवळजवळ निरुपयोगी ठरतं, वाळू निदान पकड देते. बूट घेताना टोरोंटोच्या संशोधकांचं ‘रेट माय ट्रेड्स’ हे संकेतस्थळ पाहिलं. खऱ्याखुऱ्या बर्फाच्या उतारावर माणसांना चालवून ते बुटांची पकड तपासतात आणि हिमफुलांच्या खुणा देतात. त्यावरून घेतलेले बूट चांगलेच आहेत, पण गोठलेल्या लादीवर तेही कमी पडतात. बुटांवर चढवायची खिळ्यांची रबरी जाळी आणली, तर बाबांना वाकून ती ताणता येत नाही. शिवाय दुकानाच्या फरशीवर तेच खिळे घसरतात, म्हणजे दारात काढा आणि निघताना पुन्हा घाला.

तर माझे प्रश्न. गुडघ्यांमुळे वाकता न येणाऱ्या माणसाला स्वतः घालता-काढता येईल असा खिळ्यांचा प्रकार कुणी वापरलाय का? काही बुटांच्या तळातच दुमडता येणारे खिळे असतात म्हणे. ते एक अख्खा हिवाळा टिकतात का? आणि काठीच्या टोकाला बसवायचा लोखंडी काटा वयस्कर माणसाला झेपतो का?

दुसरं, घराबाहेर पण छपराखाली चालण्याची सोय. रिक्रिएशन सेंटरच्या ट्रॅकवर गोल गोल फिरून बाबा कंटाळतात, त्यांना माणसं बघत चालायला आवडतं. नोव्हेंबर २०२३ पासून व्हॅली लाइन ही शहरी रेल्वे मिलवुड्सहून डाउनटाउनला जाते, त्यामुळे चर्चिल थांब्यावर उतरून पेडवेमधून (इमारतींना जोडणाऱ्या बंदिस्त पादचारी मार्गांमधून) तासभर चालणं जमेल असं वाटतंय. आठवड्याच्या दिवशी दुपारी तिथे ज्येष्ठांना एकट्याने फिरायला ठीक वाटतं का? बसायला बाकं आणि स्वच्छतागृह कुठल्या टप्प्यात आहेत? मिलवुड्स टाउन सेंटर मॉलमध्ये सकाळी चालणाऱ्यांचा गट असेल तर तेही सांगा.

तिसरं जरा नाजूक आहे. महापालिकेच्या ३११ या फोन नंबरवर कोपऱ्याची तक्रार नोंदवणारच आहे, पण पन्हळीच्या घराबद्दल तक्रार करणं मला जिवावर येतं. तिथे एक आजी एकट्याच राहतात. पाइपाला लांबीचा तुकडा जोडून पाणी अंगणातल्या गवताकडे वळवलं तर काम होईल. तो आम्ही आमच्या खर्चाने बसवून दिला तर चालेल, असं त्यांना कसं सुचवावं? इथली माणसं अशा गोष्टीत मनाला लावून घेतात का?

आणि मिलवुड्स, मेडोज किंवा एलर्सली भागात कुणाचे आई-वडील या हिवाळ्यात आले असतील तर जरूर कळवा. दोघं-तिघं मिळून निघाले तर आईही बाबांना अडवणार नाही. चहा आमच्याकडे.