'भंगार' म्हटलं तर अपमान होतो का?

सानिका_म: लिस्बनच्या आर्तुर बोर्दालोवरचा (जन्म 1987, 'बोर्दालो द्वितीय' या नावाने काम करतो) लेख मराठीत आणतेय. मोडके बंपर, कचऱ्याचे डबे, टायर असलं काहीबाही भिंतीवर ठोकून हा माणूस अवाढव्य प्राणी उभे करतो, वरून स्प्रेने भडक रंग. 'रिक्लेम्ड मटेरियल'ला मी 'भंगार' लिहिलं. संपादक म्हणतात, कलाकाराचा अपमान होतो, 'टाकाऊ वस्तू' करा. मला 'टाकाऊतून टिकाऊ' वाचलं की आइस्क्रीमच्या काड्यांचा पेनस्टँड दिसतो. सुचवा काहीतरी.

पंतोजी: 'पुनर्प्राप्त साहित्य'. शुद्ध आणि सुटसुटीत.

सुकाबोंबील: सुटसुटीत?? बुडीत कर्जाची वसुली वाटतेय.

कुर्ला_पश्चिम: माझ्या मामाचं भंगाराचं दुकान होतं. ज्याला किलोवर भाव मिळतो ते भंगार. तांबं, पितळ, बीड, पत्रा, प्लास्टिक, सगळ्यांचे ढीग वेगळे. ज्याचे पैसे येत नाहीत तो कचरा. भंगाराला कोणी कचरा म्हटलं की मामा भडकायचा. त्यामुळे अपमान वगैरे संपादकांच्या डोक्यात आहे.

गोंयकार: कोकणीत 'भांगर' म्हणजे सोनं! जुन्या मराठीतही 'भांगार' म्हणजे सोनंच. तोच शब्द घसरत घसरत भंगार झाला, माझी खात्री आहे.

पंतोजी: खात्री कशावरून? 'भंग' समोर दिसतोय, मोडलेलं ते भंगार. उगाच आवाज जुळला म्हणून नातं लावू नये.

गोंयकार: सोनारसुद्धा जुना दागिना मोडीतच घेतो, पंतोजी.

सुकाबोंबील: अहो, त्याच्या मालिकेचं नावच 'बिग ट्रॅश अ‍ॅनिमल्स' आहे. तो स्वतः सरळ कचरा म्हणतोय आणि आपण त्याला अत्तर लावतोय. पोर्तुगालातल्या विला नोव्हा दि गाया शहरातला 2017चा ससा बघा. अर्धा रंगवलेला, उरलेल्या अर्ध्यात प्लास्टिक आणि पत्रे जसेच्या तसे. लांबून ससा, जवळ गेलं की बंपर. लोकांना तो बंपर दिसावा हीच तर सगळी गंमत. तिथे 'पुनर्प्राप्त' लिहाल?

पंतोजी: लिहीन. इंग्रजीतही 'रिक्लेम्ड' आणि 'ट्रॅश' एक नाहीत.

कुर्ला_पश्चिम: हे बरोबर आहे. पण बंपर भंगारात येतो, कचऱ्यात नाही.

अबोली: मुळात भिंतीला चिकटलेल्या कामाला 'शिल्प' म्हणायचं का? लिस्बनच्या बेलें भागातला 2015चा रॅकून (डोळ्यांवर काळा पट्टा असलेला अमेरिकी प्राणी) भिंतीतून नुसता पुढे आलाय. ते 'उठावशिल्प' झालं. घारापुरीची त्रिमूर्तीही याच न्यायाने उठावच.

पंतोजी: त्रिमूर्ती कोरलेली आहे, ठोकलेली नाही. तुलना चुकतेय.

सानिका_म: मंडळी, लेख आज जायचाय. भंगार की टाकाऊ?

गोंयकार: आधी भांगराचं मिटवू.

अबोली: आणि रॅकूनला मराठीत काय लिहिताय? अस्वल नका लिहू म्हणजे झालं.